विद्यार्थी वर्गात एक आणि ऑनलाइन दुसराच असेल, तर त्याची खरी ओळख कोणती?

वर्गात अबोल असलेला विद्यार्थी समाजमाध्यमांवर मात्र ठामपणे मते मांडतो, तेव्हा त्यातले खरे रूप कोणते, असे आपण विचारले आहे. एक शिक्षक म्हणून मला वाटते की दोन्ही रूपे त्याचीच आहेत आणि त्यांपैकी एकाला मुखवटा ठरवण्याची घाई करू नये.

'मी कोण?' या प्रश्नाचा शोध हे किशोरवयाचे मुख्य काम आहे, असे मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी मांडले. त्या शोधासाठी तरुणांना असा काही काळ मिळावा लागतो, ज्यात निरनिराळ्या भूमिका घेऊन पाहता येतील आणि न पटलेल्या सोडूनही देता येतील. मानसशास्त्रज्ञ जेम्स मार्सिया यांनी १९६६ मध्ये हाच विचार पुढे नेला आणि मोठ्यांनी ठरवून दिलेली ओळख शोध न घेताच स्वीकारणे व शोधाअंती ती स्वतः निश्चित करणे, या दोन वेगळ्या अवस्था मानल्या.

खरी अडचण सोडून देण्याची ही मुभा मिळण्यात आहे. घरी, वर्गात आणि मित्रांमध्ये आपण सारेच वेगवेगळे वागतो व त्याला कोणी ढोंग म्हणत नाही, कारण प्रत्येक ठिकाणचे श्रोते निराळे असतात. ऑनलाइन मात्र पालक, वर्गमित्र आणि अनोळखी माणसे एकाच वेळी समोर असतात, आणि पंधराव्या वर्षी रागाच्या भरात लिहिलेले वाक्य पुसून टाकले तरी कोणाच्या तरी फोनमध्ये स्क्रीनशॉटच्या रूपाने उरू शकते. सगळे आपल्याकडेच पाहत आहेत, या किशोरवयीन भावनेला मानसशास्त्रज्ञ डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये 'काल्पनिक प्रेक्षक' म्हटले होते; आज ते प्रेक्षक खरोखरच असतात आणि लाइक्सच्या आकड्यांतून मोजताही येतात. म्हणूनच मोजक्या मित्रांसाठी वेगळे खाते उघडणाऱ्या मुलांना मी लबाड मानत नाही. चुकायला सुरक्षित जागा शोधण्याचा समंजसपणा त्यात बहुधा असतो.

काळजी वाटावी ती लाइक्स कमी पडले म्हणून स्वतःचे मतच बदलणाऱ्या, किंवा एका जगातले दुसऱ्यात उघड होईल या भीतीने सतत धास्तावलेल्या विद्यार्थ्याची. आपल्या विद्यार्थ्याने ऑनलाइन लिहिलेले वर्गात सर्वांसमोर काढू नका. त्याच विषयावर त्याच्याशी एकट्याने बोला, आणि त्याचे आजचे मत गेल्या महिन्यातल्या मतापेक्षा वेगळे निघाले, तर जुन्या पोस्टची आठवण करून देऊ नका.