बेळगावात बंद पडलेल्या फाउंड्रीच्या (धातू वितळवून ओतकाम करणाऱ्या कारखान्याच्या) जागेत दवाखाना आणि अभ्यासिका सुरू करता येईल का?

येईल. पण देणग्या जमल्या, प्लॅन काढला हे सगळं तुम्ही लिहिलंय आणि मातीबद्दल एक अक्षर नाही. उद्यमबागेत, म्हणजे इथल्या औद्योगिक वसाहतीत, माझी सगळी नोकरी मोल्डिंगमध्ये (ओतकामाचे साचे बनवण्यात) गेली, म्हणून माझं लक्ष आधी तिकडेच गेलं.

नुसत्या ग्रीन सँडचं, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूचं, फार भय नाही. वाळू, बेंटोनाइट (एक चिकणमाती), कोळशाची पूड एवढंच त्यात असतं. धूळ मात्र वाईट. शेड पाडताना पाणी मारत पाडा, वाळूतली सिलिका एकदा फुफ्फुसात बसली की निघत नाही. छपरावरचे जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे असतात (त्याचे तंतूही फुफ्फुसाला घातक), ते फोडू नका, अख्खे उतरवा.

खरी चौकशी कोअर शॉपची (ओतीवात पोकळी ठेवणारे वाळूचे गाभे, म्हणजे कोअर, जिथं बनवतात) आणि प्लेटिंगची (धातूवर मुलामा चढवण्याची) करा. कोअरची वाळू बांधायला रेझिन वापरत असतील तर जळकी वाळू मागच्या कुंपणाशी टाकलेली असते, तिच्यात फिनॉल हे विषारी रसायन राहतं. क्रोम प्लेटिंग होत असेल तर टाक्यांच्या जागी फरशीवर आणि भिंतीच्या बुडाशी पिवळट-हिरवट डाग दिसतील. तिथली माती खोलवरून काढून तपासा, आवारातल्या विहिरीचं पाणीही. पिण्याच्या पाण्यात क्रोमियम लिटरला ०.०५ मिलिग्रॅमच्या आत हवं, शिसं ०.०१ च्या. आपल्याकडच्या पावसात वरचं खाली जायला वेळ लागत नाही. माती खराब निघालीच तर ती कुणाच्या शेतात नेऊन ओतू नका (असं करणारे कंत्राटदार आहेत), प्रदूषण मंडळाला विचारूनच हलवा. तेवढ्या भागात मुलांना खेळायला जागा नको.

खानापूरच्या कौलांच्या कारखान्याची जागा असती तर मी एवढं बोललो नसतो. तिथं बघायचं ते मातीच्या खाणीचं: भरून घेतलेल्या खड्ड्यावर भिंत घातली की खचते.

कागदांचं थोडक्यात. प्लॉट केआयएडीबीचा (कर्नाटकच्या औद्योगिक क्षेत्र विकास मंडळाचा) असेल तर त्या मंडळाच्या परवानगीशिवाय वापर बदलत नाही. जागा खासगी असेल तर ती एनए (बिगरशेती) झालेली असली तरी ती उद्योगासाठी झालेली असते, बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) आराखड्यात कुठल्या झोनमध्ये आहे ते बघा. कागद कन्नडात असतात, वाचून सांगणारा वकील धरा. दवाखान्याला केपीएमई (कर्नाटकच्या खासगी दवाखान्यांच्या कायद्याखालची) नोंदणी लागेल, ती डॉक्टरांना माहीत असते.

आणि त्या कारखान्यातला एखादा जुना कामगार गाठा. टाक्या कुठं होत्या, सांडपाणी कुठल्या गटारात सोडत होते, हे नकाशात सापडत नाही. नमुने त्याने दाखवलेल्या जागेवरून घ्या.