अँटेना लांब केला, तर खरखरही वाढली!

मागच्या अंकात गच्चीवर वायर टाकून शॉर्टवेव्ह कसं ऐकायचं ते लिहिलं आणि तेव्हापासून मेसेज थांबत नाहीयेत, आणि गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त लोकांचं रडगाणं एकच, स्टेशनं जोरात येतात पण खरखर त्याहून जोरात येते. म्हणून या वेळी सगळी पानं खरखरीला.

प्रश्न (डोंबिवली): चौथा मजला. गच्चीवर 20 मीटर वायर टाकली, तिथून टीव्हीच्या केबलने खाली रेडिओपर्यंत आणली, केबलची जाळी तीन पिनच्या प्लगमधल्या अर्थिंगला जोडली. आता 31 मीटर बँडवर (9.6 मेगाहर्ट्झच्या आसपास) नुसत्या खरखरीनेच सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस-9 ला, म्हणजे जोरदार स्टेशनच्या पातळीला जातो. पण तोच रेडिओ सेलवर गच्चीत नेला आणि त्याचीच दांडी उघडली तर स्टेशन हळू पण एकदम स्वच्छ! मग एवढा खटाटोप करून मिळवलं काय?

उत्तर: रेडिओ गच्चीत नेऊन बघितलात ते फार बरं केलंत, निम्मं निदान तिथेच झालं. गच्चीवरची हवा शांत आहे, म्हणजे तुमची वायर बिचारी निर्दोष आहे, घाण येतेय ती खालून, केबलवरून चढून.

कसंय, आपण समजतो कोॲक्स केबल म्हणजे दोन वायरी, मधली तार आणि बाहेरची जाळी. पण रेडिओ फ्रिक्वेन्सीला त्या तीन दिसतात, कारण जाळीच्या आतल्या बाजूने वाहणारा करंट आणि बाहेरच्या बाजूने वाहणारा करंट यांचा एकमेकांशी संबंध नसतो. सिग्नल आतून येतो. आणि जाळीची बाहेरची बाजू ही चार मजले उंच एक वेगळीच वायर होऊन बसते जी प्रत्येक मजल्यावरच्या एलईडी बल्ब, मोबाइल चार्जर, सेट-टॉप बॉक्स, लिफ्टच्या ड्राइव्हजवळून जाते. त्यात तुम्ही ती जोडलीत कशाला, तर घराच्या अर्थिंगला! संगणक, वॉशिंग मशीन, मोठे अडॅप्टर अशा वस्तूंमधला फिल्टर आपला हाय फ्रिक्वेन्सीचा कचरा त्याच अर्थच्या वायरीत ढकलतो, म्हणजे अख्ख्या बिल्डिंगचं गटार तुम्ही अँटेनाला जोडलंत. तो कचरा जाळीच्या बाहेरून वर चढतो आणि जिथे केबल आणि वायर जोडली आहे तिथे आत शिरतो, मग रेडिओला वाटतं अँटेनानेच पकडला.

तर पहिलं काम, ते अर्थिंग काढा. रेडिओ सेलवर चालवा. मग घराचा मेन एमसीबी पाडा, घरच्यांना आधी सांगून, नाहीतर खरखर बाहेरून नाही स्वयंपाकघरातून सुरू होईल. खरखर गेली तर चोर घरातच, एकेक स्विच चालू करत शोधा. नाही गेली तर शेजारी.

एक चाचणी सगळीकडे सांगतात, वर वायर सोडवायची आणि तिच्या जागी 47 ओहमचा साधा रेझिस्टर लावून ऐकायचं. करा जरूर, पण निकाल नीट वाचा. रेझिस्टर लावूनही खरखर तशीच असेल तर केबल, कनेक्टर किंवा रेडिओच्या जॅकपाशीच गळती आहे. शांत झालं तर मात्र केबल निर्दोष सुटली असं समजू नका, कारण वरच्या जोडापाशी जे शिरतं ते अँटेना जोडलेला असतानाच शिरतं. त्यासाठी चोक, म्हणजे जाळीच्या बाहेरचा करंट अडवणारी फेराइटची रिंग, लावूनच बघावं लागतं.

आता उपाय. तुमच्या जागी मी असतो तर त्या 20 मीटरच्या वायरीचे साडेसात-साडेसात मीटरचे दोन तुकडे करून सरळ डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेला दोन सारख्या हातांचा अँटेना, केला असता. हिशोब सोपा आहे, 143 ला मेगाहर्ट्झने भागायचं, 9.6 मेगाहर्ट्झला 14.9 मीटर येतात, त्याचे दोन हात. डायपोलला अर्थिंगची गरज नाही, चौथ्या मजल्यावर हे मोठं सुख. आणि तुमची टीव्हीची केबल 75 ओहमची आहे म्हणून लाजू नका, डायपोलचा मधला इंपिडन्स (रेडिओ फ्रिक्वेन्सीच्या करंटला होणारा विरोध) साधारण तेवढाच असतो, उलट छान जुळते. मधोमध, जिथे केबल जोडणार, तिथे फेराइटच्या (काळ्या, चुंबकी सिरॅमिकच्या) मोठ्या रिंगवर केबलचेच 10-12 फेरे घ्या, हा झाला चोक, तो जाळीच्या बाहेरच्या करंटला अडवतो आणि आतल्या सिग्नलला हात लावत नाही. टीव्हीची केबल जाड, रिंगवर वळणार नाही आणि तिची ॲल्युमिनियमची जाळी सोल्डरही होत नाही, म्हणून फेऱ्यांपुरता आरजी-174 या बारीक कोॲक्सचा तुकडा घ्या, मधे एफ कनेक्टर (टीव्हीच्या केबलचा पेचाचा) लावा. असाच दुसरा चोक खाली रेडिओपाशी.

लांब वायरच ठेवायची असेल तर वर ट्रान्सफॉर्मर लागेल, 43 नंबरच्या मटेरियलच्या फेराइट रिंगवर एक 3 फेऱ्यांची आणि एक 9 फेऱ्यांची गुंडाळी, दोन्ही वेगवेगळ्या, एकमेकींना कुठेही न जोडलेल्या. 9 फेऱ्यांच्या एका टोकाला वायर, दुसऱ्या टोकाला गच्चीवर उलट दिशेला पसरलेली 5-6 मीटरची दुसरी वायर, 3 फेऱ्यांना केबल. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच तयार डब्यांत दोन्ही गुंडाळ्या आतून जोडलेल्या असतात आणि मग जाळीवरचा कचरा आरामात पलीकडे जातो. वायरीचं टोक आणि केबलची जाळी यांच्यात मल्टीमीटर लावून बघा, बीप वाजला तर डबा उघडा आणि तो जोड तोडा.

प्रश्न (नागपूर): क्लिप वाले सहा फेराइट विकत घेऊन केबलवर लावले. फरक शून्य. फेराइट वगैरे सगळं थोतांड आहे का?

उत्तर: थोतांड नाही, पण केबल एकदाच आरपार गेली तर तो एकच फेरा धरतात. इंडक्टन्स फेऱ्यांच्या वर्गाने वाढतो, म्हणजे एकाच मोठ्या रिंगमधून 5 फेरे घेतले तर एका फेऱ्याच्या 25 पट. तुमचे सहा क्लिप ओळीत म्हणजे जेमतेम सहापट. ते क्लिप शॉर्टवेव्हसाठी बनवलेलेही नसतात बहुधा, वरच्या व्हीएचएफ (30 मेगाहर्ट्झच्या पुढच्या) वगैरे फ्रिक्वेन्सीला ते जास्त उपयोगी. शॉर्टवेव्हच्या खालच्या बँडना 31 नंबरचं मटेरियल सगळ्यात बरं. आणि जुन्या संगणकाच्या पॉवर सप्लायमधली पिवळी-पांढरी रिंग काढून वापरणारे बरेच भेटतात मला, ती फेराइट नसते, लोखंडाच्या भुकटीची असते, या कामाला तिचा काडीचा उपयोग नाही.

अजून एक, फेराइट फक्त अँटेनाच्या केबलवरच का? खरखर करणारी वस्तू सापडली असेल तर तिच्याच वायरीचे फेरे घ्या, अगदी वस्तूला चिकटून. उगमाशी अडवलेला कचरा परवडतो. आणि 80 रुपयांच्या चार्जरसाठी 600 रुपयांची रिंग घेण्यापेक्षा चार्जर बदला की राव.

प्रश्न (अमरावती जिल्हा, शेतातलं घर): आमच्याकडे शहरासारखी खरखर नाही पण टक... टक... टक... असा आवाज येतो, सेकंदाला साधारण एक, दिवसरात्र. रेडिओ बदलून पाहिला. 

उत्तर: रानडुकरांसाठी कुंपणाला झटका मशीन लावलंय का कुणी? शंभरातले नव्वद वेळा तेच. मशीन सेकंदा-सव्वासेकंदाला एक हाय व्होल्टेजचा झटका तारेत सोडतं. नुसत्या झटक्याने फार त्रास होत नाही, त्रास होतो तो जिथे ठिणगी पडते तिथून, म्हणजे ओलं गवत तारेला लागलंय, इन्सुलेटर तडकलाय, किंवा तारेला तार नुसती पीळ मारून जोडलीय आणि तो जोड गंजलाय. ठिणगी पडली की पूर्ण कुंपण हा एक लांबच लांब ट्रान्समिटिंग अँटेना! रात्री अंधारात कुंपणाच्या कडेने फिरा (तारेला हात न लावता), ठिणगी दिसते, चटचट आवाजही येतो. मशीन बंद करून गवत कापा, जोड घट्ट करा. शेजाऱ्याचं कुंपण असेल तर त्यालाही सांगा की ठिणगी पडतेय म्हणजे तुझा झटका वाया जातोय, डुक्कर आत येणार, रेडिओचं नाव काढू नका, लगेच दुरुस्त करेल.

पण त्याआधी एक बघा, हा आवाज सगळ्या बँडवर येतो की फक्त बरोब्बर 5, 10 किंवा 15 मेगाहर्ट्झवर? तिथेच येत असेल तर कुंपणाला उगाच दोष देऊ नका, ती चीनच्या बीपीएम या वेळ सांगणाऱ्या स्टेशनची टिकटिक आहे.

प्रश्न (रत्नागिरी): उन्हाळ्यात घर्रर्र असा जाड आवाज, मेन बंद केला तरी तसाच. पावसाची मोठी सर आली की गायब, ऊन पडलं की परत हजर. असं कसं?

उत्तर: हा विजेच्या खांबावरचा पाहुणा. कुठेतरी नट ढिला झालाय, दोन धातूंच्या मधे बारीकशी फट पडलीय आणि त्या फटीत ठिणगी उडतेय, आपल्याकडे वीज 50 हर्ट्झची म्हणून सेकंदाला 100 वेळा, त्याचाच तो घर्रर्र. पावसाचं पाणी फटीत शिरलं की ठिणगी बंद. उलट दमट हवेत आवाज वाढत असेल तर इन्सुलेटरवर खाऱ्या वाऱ्याने मीठ साचलंय असं समजा, तुमच्याकडे दोन्ही असू शकतं.

शोधायचं कसं, तर लहान रेडिओ घेऊन लाइनीच्या कडेने चालत जा आणि जसा आवाज वाढेल तशी फ्रिक्वेन्सी वर वर नेत जा. लांबून खालच्या बँडवरच ऐकू येतो, अगदी जवळ आलात की 20-25 मेगाहर्ट्झच्या वरही येतो, तोच खांब. खांबाला, त्याच्या ताणाच्या तारेला हात लावायचा नाही, काठीने ठोकून बघायचं तर अजिबात नाही. खांबाचा नंबर लिहून वीज कंपनीला कळवा. मी स्वतः एकदा "रेडिओ नीट ऐकू येत नाही" अशी तक्रार केली होती तर समोरचा माणूस मनापासून हसला, कोण आता रेडिओ ऐकतं म्हणे. दुसऱ्यांदा "अमुक खांबावर स्पार्किंग आहे" असं लिहून दिलं, आठवड्यात माणूस शिडी घेऊन हजर.

प्रश्न (पुणे): सोसायटी गच्चीवर काही लावू देत नाही. बाल्कनीत लूप अँटेना लावला तर खरखर येत नाही म्हणतात, खरं का?

उत्तर: "येत नाही" हे विकणाऱ्यांचं वाक्य. कमी येऊ शकते, आणि कारण जादू नाही, दिशा आहे. सुमारे मीटरभर व्यासाचा उभा लूप ज्या दिशेला तोंड करतो, म्हणजे कडं समोरून पूर्ण गोल दिसतं, त्या बाजूचं तो कमीत कमी ऐकतो. जवळचा कचरा बहुतेक एकाच दिशेने येतो, लांबची स्टेशनं मात्र आकाशातून वेगवेगळ्या कोनांनी उतरतात, त्यामुळे लूप फिरवून त्याचं तोंड खरखरीकडे केलं की ती दबते आणि स्टेशनं फारशी दबत नाहीत. म्हणून लूप फिरवता आला पाहिजे, खिळ्याने ठोकून ठेवलात तर निम्मे पैसे पाण्यात.

बाल्कनीची लोखंडी ग्रिल म्हणजे पिंजरा, लूप आतून लावू नका, हातभर तरी बाहेर काढा आणि नीट बांधा, खाली माणसं चालतात. आणि लूपच्या ॲम्प्लिफायरला मोबाइलचा चार्जर लावू नका! किती जण आठ-दहा हजारांचा लूप घेतात आणि त्याला खरखरीच्या कारखान्यावर चालवतात. पॉवर बँकही ऐकून घ्यावी लागते, तिच्याही आत व्होल्टेज वाढवणारं सर्किट असतं. जुना, जड, ट्रान्सफॉर्मरवाला अडॅप्टर आणि पुढे रेग्युलेटर, किंवा सरळ बॅटरी. लूपच्या केबललाही चोक हवाच, तो नियम इथेही सुटत नाही.

प्रश्न (सांगली): समोरच्या बंगल्यावर सोलर बसल्यापासून दिवसा सगळे बँड भरलेले असतात. अंधार पडला की शांत.

उत्तर: खरखर सोलरच्या इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या डब्याची, आणि इन्व्हर्टर सूर्याबरोबर झोपतो. अँटेना त्या बाजूपासून जितका लांब नेता येईल तितका न्या, आणि शेजाऱ्याशी गोडीत असाल तर पॅनेलकडून येणाऱ्या प्लस-मायनसच्या दोन वायरी एकमेकींना चिकटून नेल्यात का ते बघायला सांगा, लांब लांब पसरल्या असतील तर त्याच अँटेना होतात. बाकी 49 आणि 41 मीटरची मजा तशीही अंधारातच आहे.

प्रश्न (ठाणे): तुम्ही पूर्वी सांगितलेला चोक टाकला, आता मीटरचा काटा तीन घर खाली आलाय. सिग्नल कमी झाला का? काढून टाकू?

उत्तर: अहो, काढू नका! स्टेशनचे शब्द आधीपेक्षा कळतात का ते सांगा. एस मीटरचं एक घर साधारण 6 डेसिबल, स्टेशन तीन घरं वाढलं आणि खरखर पाच घरं वाढली तर तुम्ही दोन घरं हरलात, काटा कितीही नाचू दे. खालच्या बँडवर बाहेरचा आवाज रेडिओच्या स्वतःच्या आवाजापेक्षा कितीतरी जास्त असतो, तिथे नुसता जोर वाढवून काहीच हाती लागत नाही.

प्रश्न (लातूर): मे महिन्यात संध्याकाळी कडकड, चरचर येते, मेन बंद, चोक लावलेला, सगळं करून झालं. यावर कोणता फिल्टर?

उत्तर: कुठलाच नाही. ती वळवाच्या ढगांतली वीज आहे, शेकडो किलोमीटरवरूनही येते, आणि अँटेनाला ती स्टेशनसारखीच खरी. वरच्या बँडवर जा, 25 किंवा 19 मीटर (मीटर कमी म्हणजे फ्रिक्वेन्सी जास्त), तिथे त्रास कमी. आणि कडकडाट कानांनी ऐकू यायला लागला तर अँटेनाची केबल रेडिओतून काढून खिडकीबाहेर टाका, नुसता स्विच बंद करून भागत नाही. माझा एक चांगला सेट असाच गेला, स्विच बंद होता, केबल लावलेली होती.