पाटीवर मेगावॅट, मीटरवर युनिट

या वेळी पत्रांचा गठ्ठा जाड आहे. सौर, पवन, हरित रोखे, हरित शेअर... देशभर एवढा पैसा ओततायत तर त्यात आपला वाटा कुठे, हे बहुतेकांना विचारायचंय. मी अर्थतज्ज्ञ नाही. वीज मंडळात ३३ वर्षं काढली, त्यातली निम्मी सातारा जिल्ह्यातल्या सबस्टेशनांवर. लॉगशीट भरून भरून बोटं वाकडी झालेल्या बाईचा सल्ला, एवढ्याच भावाने घ्यावा.

प्र. आमची वैजापूर तालुक्यात साडेपाच एकर जमीन आहे, सबस्टेशनपासून दीड किलोमीटरवर. त्यातली चार एकर मुरमाड, बाजरी-तूर निघते तेवढीच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत एकरी ५० हजार भाडं मिळेल म्हणतात. भाऊ म्हणतो देऊन टाकू, आई नाही म्हणते. ताई, काय करावं?

योजना अशी: सबस्टेशनजवळच्या जमिनीवर सौर प्रकल्प, त्यातून शेतीपंपांना दिवसा वीज. आधी हिशोब. योजनेत हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला, म्हणजे एकरी साधारण ५० हजार. दरवर्षी ३ टक्के वाढ. इथे पेन्सिल घ्या, कारण ही वाढ पहिल्या वर्षीच्या रकमेवर आहे, चक्रवाढ नाही. म्हणजे दरवर्षी दीड हजार. पंचविसाव्या वर्षी भाडं होतं ८६ हजार. तीच वाढ चक्रवाढ असती तर लाखाच्या वर गेलं असतं. आणि महागाई वर्षाला ५ टक्के धरली, तर आजच्या ५० हजारांत जे येतं त्याला तेव्हा १ लाख ६० हजार लागतील. भाऊ आजचा आकडा बघतोय. त्याची पोरं ज्या वर्षी कॉलेजात जातील, त्या वर्षीचा आकडा त्याला काढून दाखवा.

तरीही मुरमाड चार एकरातल्या बाजरीने तुम्हाला वर्षाला दोन लाख कधी दिले नसणार, हे मलाही कळतं. म्हणून नाही म्हणत नाही. तुमच्याच तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये या योजनेच्या नव्या टप्प्यातला पहिला, ३ मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. एकदा तिथे जाऊन या. प्रकल्पवाल्यांशी बोलू नका, शेजारच्या शेतकऱ्याशी बोला. दिवसा थ्री फेज येते का, किती वाजता येते, ढगाळ दिवशी काय होतं. दिवसा मोटर चालणं ही काय चीज आहे, ते रात्री दोनला बॅटरी घेऊन पिकाला पाणी द्यायला, दारं धरायला गेलेल्या माणसालाच कळतं. माझ्या नोकरीत रात्रपाळीच्या फीडरवर (सबस्टेशनातून निघणारी वीजवाहिनी) साप चावल्याचे किती फोन आले, ते मी कधी लॉगशीटमध्ये लिहिलं नाही. तसा रकानाच नव्हता.

आता करार. भाडेपट्टा नोंदणीकृत हवा, नुसता स्टॅम्पपेपरवरचा नको. कंपनी मधेच दुसऱ्याला विकली तर भाडं कोण देणार, ते त्यात हवं. मुदत संपल्यावर जमिनीत ठोकलेले लोखंडी खांब कोण उपटणार, तेही हवं. मी पाहिलेल्या एका मसुद्यात त्यावर एक ओळ नव्हती. रस्ता कुठून जाणार? उरलेल्या दीड एकरात तुमची विहीर असेल तर तिच्याकडे जायची वाट कुंपणात अडकणार नाही ना? सातबाऱ्यावर बहिणींची नावं असतील तर त्यांच्या सह्या आजच घ्या. भाडं सुरू झाल्यावर त्या सह्या महाग पडतात.

कर्नाटकात तुमकुरु जिल्ह्यात पावागडाला २,०५० मेगावॅटचं सौर उद्यान आहे, सुमारे १३ हजार एकरांवर. तिथेही जमीन विकत नाही घेतली, भाड्यानेच घेतली: एकरी २१ हजार, दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ. त्या मानाने तुमचा सौदा बरा. पण पावागडातून जे शिकायचं ते दराचं नाही. ज्यांच्या नावावर जमीन होती त्यांना घरबसल्या भाडं सुरू झालं, आणि ज्यांच्या नावावर काहीच नव्हतं त्यांची शेतमजुरी गेली, मेंढरं चारायची रानं कुंपणाआड गेली. तुमच्या चार एकरात खुरपणीला, तूर काढायला कोण येतं? त्या बायकांना काय सांगणार आहात? कराराच्या कागदात हे बसत नाही, ठाऊक आहे. पण कुंपणाचं, पॅनेल धुण्याचं, गवत कापण्याचं काम बाहेरच्या ठेकेदाराला न देता गावातून द्या, ही अट घालता येते, आणि घालायची वेळ सहीच्या आधीचीच.

विजेसाठी जमीन जाणं नवं नाही. मुळशीचं धरण टाटांनी विजेसाठीच बांधलं. १९२१ मध्ये सेनापती बापटांबरोबर मावळे सत्याग्रहाला बसले, कारण आंबेमोहोराची खाचरं पाण्याखाली जाणार होती. ती गेली, आणि १९२७ मध्ये भिऱ्याचं वीजघर सुरू झालं. आजच्या भाषेत ती अगदी हरित वीज. तुमच्या आईंना मुळशी माहीत असायची गरज नाही. पण त्या 'नको' का म्हणतायत, ते नीट विचारा. माझा कौल: मुरमाड चार एकर द्या, विहिरीजवळचा दीड कुठल्याही भावाला देऊ नका.

प्र. मी बँकेतून निवृत्त, इंदूरला राहतो. २०२३ मध्ये आमच्या महापालिकेचे हरित रोखे घेतले. आता बाकीच्या शहरांचे रोखेही येऊ लागलेत. घ्यावेत का? आणि 'हरित' म्हणजे नेमकं काय, की नुसताच हिरवा रंग?

काका, हरित रोखे म्हणजे पर्यावरणाच्या कामासाठीच उभारलेलं कर्ज. तुमच्या रोख्यांवर मी लट्टू आहे, कारण त्यामागचं काम बोट ठेवून दाखवता येतं. इंदूरचं पाणी नर्मदेवरच्या जलूदहून येतं, ७० किलोमीटरवरून, घाट चढून. शहराने नळ सोडला की पलीकडे पंप वीज पितात, आणि महापालिकेचं बिल दर महिन्याला काही कोटींत येतं. ते बिल कमी करायला खरगोन जिल्ह्यात ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प, आणि त्यासाठी २४४ कोटींचे रोखे, सव्वाआठ टक्क्यांनी. सामान्य माणसाला थेट घेता येतील असे महापालिकेचे हरित रोखे देशात पहिल्यांदा निघाले ते हेच, आणि मूळ १२२ कोटींच्या विक्रीला मागणी आली जवळपास सहापट. १,००० रुपयांच्या रोख्याचे चार तुकडे, ३, ५, ७ आणि ९ वर्षांनी सुटणारे, म्हणजे मुद्दल टप्प्याटप्प्याने हातात.

तुम्ही बँकेत होतात, व्याज-मानांकन मी तुम्हाला शिकवायला नको. एवढंच सांगते: पैसा परत कशातून येणार, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. इंदुरात सांगता येतं: पंपाचं बिल घटेल, त्यातून. ज्या शहराच्या माहितीपत्रकात असं वाक्य सापडत नाही आणि झाडांचे फोटोच पुष्कळ, तिथून सरळ मुदत ठेवीकडे वळा. आणि एकदा महापालिकेच्या सभेत किंवा माहिती अधिकारात विचारा: प्रकल्पाच्या मीटरवर गेल्या महिन्यात किती युनिट पडले? मेगावॅट सांगू लागले तर थांबवा. मेगावॅट म्हणजे नुसती क्षमता, ती पाटीवर रंगवतात. बनलेली वीज युनिटात मोजतात.

प्र. हरित ऊर्जेचे शेअर २०२४ च्या जुलैत घेतले. आता निम्म्यावर आलेत. सरकार तर म्हणतंय २०३० पर्यंत कोळसा-गॅसबाहेरची ५०० गिगावॅट (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट) क्षमता. मग भाव का पडला? (ठाणे)

शेअरचं नाव तुम्ही लिहिलंय, मी छापत नाही. ३२ रुपयांना निघालेला शेअर बाजारात ५० ला उघडला आणि आठ महिन्यांत ३१० ला पोचला. त्या आठ महिन्यांत देशात ऊन दहापट वाढलं नव्हतं. शेअर ठेवावा की विकावा, हे माझं क्षेत्र नाही. पण तुमच्या प्रश्नातला 'मग' मला चांगला ओळखीचा आहे, म्हणून एक गोष्ट.

नव्वदच्या दशकाअखेर साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या आणि पलीकडे वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांचं पीक आलं. पैसा लावणारे कोण? कापडवाले, औषधवाले, बांधकामवाले. पवनचक्कीच्या किमतीवर पहिल्याच वर्षी १०० टक्के घसारा (करपात्र उत्पन्नातून वजा करता येणारी झीज) मिळायचा. पुढे तो ८० टक्के झाला, २०१७ पासून ४०. म्हणजे मार्चअखेर चक्की उभी राहिली की त्या वर्षीचा आयकर वाचला. चक्की फिरते का, हे आयकराचा फॉर्म विचारत नव्हता.

मी तेव्हा त्या फीडरच्या मीटरवर होते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दहालासुद्धा 'मॅडम, जोडून द्या' म्हणून माणसं येऊन बसायची. आणि ऐन आषाढात, वारा असा की छत्री उलटी होते, तरी चार-दोन चक्क्या पाती धरून उभ्या. कुणाचा गिअर गेलेला, कुणाचा देखभालीचा करार संपलेला. मालक मुंबईत, त्याने वर्षात एकदाही पठार पाहिलेलं नाही. गुरं राखणाऱ्या पोरांना कुठली चक्की 'मेलेली' आहे ते माझ्या लॉगशीटपेक्षा आधी कळायचं. सगळे असे नव्हते हो. काहींच्या चक्क्या आजही गोल फिरतायत आणि त्यांनी खरंच पैसा कमावला. पण सरकारी कागदावर मेलेली आणि जिती, दोन्ही मेगावॅटच.

हे दिल्लीला कळलं, आणि २००९ मध्ये युनिटमागे ५० पैसे देणारी योजना आली: वीज बनवा, मग पैसे घ्या. गुंतवणूक कशावर लावायची, याचा माझ्या मते त्याहून सोपा धडा नाही. ५०० गिगावॅट हे उद्दिष्ट आहे, तुमच्या कंपनीचा नफा नव्हे. कंपनीचा अहवाल उघडा आणि क्षमता वाढली किती हे पान ओलांडून, विकलेली वीज किती आणि तिचे पैसे किती महिन्यांनी आले, ते पान शोधा.

प्र. मॅडम, मी धुळ्याला इलेक्ट्रिकल डिप्लोमाला आहे. २०२५ च्या जुलैत देशाच्या स्थापित क्षमतेत निम्मा वाटा कोळसा-गॅसबाहेरचा झाला, २०३० च्या उद्दिष्टाच्या पाच वर्षं आधीच. मग आमच्या गावात रोज रात्री साडेआठला लाइट का जाते?

बाळा, तुझ्या गावातली साडेआठची लाइट कोळशाने घालवलेली नाही, बहुतेक डीपीने (गावातल्या ट्रान्सफॉर्मरने) घालवली आहे. शंभराच्या डीपीवर दीडशेचा लोड, त्यात तारांवर चोरून टाकलेले आकडे. वायरमनला विचार, तो खरं सांगेल.

पण तुझा मूळ प्रश्न चांगला आहे. सुमारे ४८५ गिगावॅटपैकी २४३ बिगर-जीवाश्म, हे खरं. आणि २०२४-२५ मध्ये देशात तयार झालेल्या विजेतले चारातले जवळपास तीन वाटे औष्णिक केंद्रांतले, हेही खरं. दोन्ही एकदम खरं, कारण सौर पॅनेल वर्षभराच्या सरासरीने क्षमतेच्या पाचव्या हिश्शाइतकंच देतं. रात्री तर शून्य. आणि घरांचा लोड चढतो तो संध्याकाळी सातनंतर, दिवे, टीव्ही, एसी एकदम. २०१० च्या सुमारास सौर विजेचे दर युनिटला दहा-बारा रुपये होते. २०२० च्या डिसेंबरात गुजरातच्या लिलावात ते १ रुपया ९९ पैशांवर आले. दुपारची वीज स्वस्त झाली. इतकी, की राजस्थानात काही प्रकल्पांना भर उन्हात उत्पादन कमी करायला सांगतात, कारण ती वाहून न्यायला तारा पुऱ्या पडत नाहीत. आता पैसा लागायला हवा तो तारांमध्ये आणि साठवणुकीत.

सहल काढायची असेल तर घाटघर बघ. अकोले तालुक्यात डोंगरावर एक धरण, खाली शहापूरकडे दुसरं. वीज स्वस्त असते तेव्हा पाणी वर चढवायचं, संध्याकाळी खाली सोडून २५० मेगावॅट काढायची. चार युनिट घालून साधारण तीन मिळतात. तुझे सर म्हणतील एक वाया गेलं. त्यांना सांग, बाजारात दुपारी चार भाकरी देऊन रात्री तीन मिळत असतील तर भुकेला माणूस घेतो.

प्र. सांगलीत स्वतःचं घर आहे. गच्चीवर ३ किलोवॅटचं सौर बसवायचं आहे. सबसिडी किती, आणि तुम्ही बसवलंत का?

३ किलोवॅटला पीएम सूर्यघर योजनेत ७८ हजार सबसिडी. पॅनेल मात्र देशातच बनलेल्या सेलचीच हवीत. सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, तो कोटेशनमध्ये उतरलाय का बघा. घराचं बिल महिन्याला ३०० युनिटांच्या आसपास असेल तर बसवाच.

मी बसवलं. आणि ३३ वर्षं नोकरी केलेल्या बाईची फजिती ऐका. ठेकेदार डिसेंबरात मोजमाप करायला आला तो सकाळी अकराला. पावतीवर सही केली, पॅनेल लागले. दुपारी सव्वातीनला शेजारच्या पाण्याच्या टाकीची सावली पहिल्या दोन पॅनेलवर येते आणि चारला तिसऱ्यावर सरकते. एकाच मालिकेत जोडल्यामुळे बाकीच्यांचीही वीज पडते. शिवाय आमच्या गल्लीत आणखी सहा घरांवर सौर झालंय, त्यामुळे भर दुपारी व्होल्टेज चढतं आणि इन्व्हर्टर स्वतःहून बंद होतो. त्यासाठी डीपीवर टॅप बदलून, म्हणजे तिथलं व्होल्टेज उतरवून, घ्यायला मला, मंडळातल्या माणसाला, तीन अर्ज करावे लागले.

म्हणून कोटेशन मागवायच्या आधी एका रविवारी सकाळी नऊ, दुपारी बारा आणि चार वाजता गच्चीवर जाऊन खडूने सावलीची कड आखून ठेवा. ठेकेदार आला की चहाच्या आधी त्या रेघा दाखवा.