‘पडद्याआड गेले’ की ‘पडद्यामागे गेले’?

नाशिकच्या एका नाट्यमंडळाच्या स्मरणिकेसाठी मजकूर लिहिणाऱ्या वाचकाची ही शंका आहे. अभिनय कमी करून चित्रपट-दिग्दर्शन करू लागलेल्या एका नटाच्या परिचयात त्यांनी ‘१० वर्षांनी ते पडद्याआड गेले’ असे लिहिले, तेव्हा मुद्रिते तपासणाऱ्या ज्येष्ठ सभासदांनी समासात लाल शाईने विचारले, ‘अरेरे, कशाने?’

ज्येष्ठांचे बरोबर आहे. ‘आड’मध्ये दडणे, दिसेनासे होणे हा अर्थ मुळातच आहे. त्र्यंबकेश्वरी जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे येण्यापूर्वी जादूचे प्रयोग करीत आणि त्यासाठी आडनाव उलटे करून ‘प्रोफेसर केळफा’ होत. तिथे ते उलट्या नावाआड दडले, असे म्हणणे शोभते. पण निधनवार्तांनी ‘काळाच्या पडद्याआड’ इतके रुळवले आहे की ‘काळाच्या’ गाळले तरी वाचक ते मनात भरून घेतो. ‘मागे’ फक्त जागा सांगते, म्हणून पडद्यामागचे कलाकार हयात असतात.

मात्र हा पडदा नाटकाचा. कालिदास कलामंदिरात विंगेत उभे राहिलेल्यांना ठाऊक आहे की त्याच्या मागे खरोखरच माणसांची धावपळ चालते. चित्रपटगृहातल्या पडद्यामागे ध्वनिक्षेपक आणि भिंत. त्यामुळे चित्रपटाबाबत ‘कॅमेऱ्यामागे’ रूढ झाले, जरी तिथे प्रत्यक्षात छायालेखक असतो आणि दिग्दर्शक हल्ली बहुधा मॉनिटरसमोर बसलेला असतो. वाचकाने सुचवलेला ‘नेपथ्यात गेले’ हा पर्याय मला पटत नाही. संस्कृत नाटकात नेपथ्य म्हणजे पडद्यामागची, नटांनी वेश करण्याची जागा हे खरे; पण आजच्या मराठीत नेपथ्य म्हणजे रंगमंचाची मांडणी, आणि गृहस्थ सेट लावू लागले असा समज होईल.

मी सरळ ‘दिग्दर्शनाकडे वळले’ असे लिहीन. वळणाऱ्याला परत येता येते. व्ही. शांताराम यांनी १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये शेतकरी उभा केला, १९२७मध्ये ‘नेताजी पालकर’पासून दिग्दर्शन आरंभले, आणि तरी १९५७च्या ‘दो आँखें बारह हाथ’मध्ये दिग्दर्शक व नायक तेच होते. म्हणून नटाने अभिनय खरोखर सोडला नसेल, तर ‘अभिनय सोडून’ हेही लिहू नये.

जाता जाता, त्याच मजकुरात तीन ठिकाणी ‘दिग्दर्शीत’ झाले आहे. ‘प्रकाशित’प्रमाणे ‘दिग्दर्शित’मधली वेलांटीही ऱ्हस्व करून घ्यावी.