बॅग भरून बघ, मग घे

डोंगरात न्यायची कॅमेऱ्याची बॅग नुसता फोटो बघून मागवू नकोस. कॅमेरा, लेन्स घेऊन दुकानात जा, सगळं आत भर आणि १० मिनिटं पाठीवर घेऊन फिर. कमरेचा पट्टा हवाच. ६-७ किलो नुसत्या खांद्यांवर घेऊन चढ चढलास, तर दुपारपर्यंत फोटोंची हौस फिटते.

शक्यतो पाठीच्या बाजूने उघडणारी घे. समोरून उघडणारी बॅग आडवी ठेवली की पट्टे चिखलात, आणि तोच चिखल मग शर्टावर. माझे दोन शर्ट असेच गेले.

पावसाचं कव्हर पाठीकडची बाजू झाकत नाही, पाणी तिथूनच झिरपतं. आत एक साधी प्लास्टिकची पिशवी ठेव.

आणि फार मोठी नको. माझ्या बॅगेत एक लेन्स दोन वर्षं नुसतीच फिरत होती.