गाडी बंद झाली, नोटीस मात्र मुलाला आली

प्रश्न : आमचं गाव बालाघाटाच्या डोंगरात आहे. आधी मुक्कामी एसटी बंद झाली, मग सकाळची फेरीही गेली. मुलगी अकरावीला आहे, ती काळीपिवळीत दाटीवाटीनं जाते. आगारात विचारलं की 'भारमान नाही, म्हणजे गाडी पुरेशी भरत नाही, फेरी तोट्यात' एवढंच तोंडी सांगतात. पोरांनी रास्ता रोकोचं निवेदन दिलं, तर पोलिसांनी कलम १६८ च्या नोटिसा काढल्या. एक माझ्या मुलाला आली, तो पोलीस भरतीची तयारी करतोय. बस मागायचा आम्हाला हक्क आहे की नाही?

उत्तर : ताई, आधी नोटिशीचं. ही भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखालची, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याखालची ताकीद आहे, पूर्वी हिलाच १४९ ची नोटीस म्हणायचे. तिच्यामुळे गुन्हा दाखल होत नाही. 'मागणी कायदेशीर मार्गानंच मांडू' असं चार ओळींचं लेखी उत्तर मुलानं याच आठवड्यात द्यावं आणि पोहोच घ्यावी.

रास्ता रोको मात्र सोडाच. रस्ता अडवला की भारतीय न्याय संहितेची (जुन्या दंडसंहितेच्या जागी आलेल्या कायद्याची) १२६ आणि २८५ ही कलमं लागू शकतात. गर्दीत कुणी एसटीची काच फोडली, तर सार्वजनिक मालमत्तेच्या १९८४ च्या कायद्यात ५ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भरतीच्या चारित्र्य पडताळणीत प्रलंबित गुन्हाही लिहून द्यावा लागतो. असे खटले कधीकधी मागे घेतले जातात, पण तोवर पोराचं भरतीचं वय निघून जातं. आणि अडवणार कुणाची गाडी? पुढच्या गावाची, अजून चालू असलेली!

आता हक्काचं. मार्ग परिवहन महामंडळ कायदा, १९५० चं कलम १८ म्हणतं की कार्यक्षम, पुरेशी आणि किफायतशीर सेवा देणं हे महामंडळाचं कर्तव्य आहे. कलम २२ म्हणतं, कारभार व्यापारी तत्त्वावर चालवा. त्यामुळे अमुक वाजताची अमुक गाडी द्या, असा आदेश कोर्ट सहजासहजी देणार नाही. पण तोंडी दोन शब्दांत गावाला वाऱ्यावर सोडणंही कर्तव्यात बसत नाही. म्हणून तोटा म्हणजे नेमका किती, हे कागदावर आणा.

तुमच्या मुलीचा पास अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत असतो. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे. या सवलतींची भरपाई सरकारनं महामंडळाला द्यायची असते. ती रखडली की आगाराची ओढाताण होते, त्यात चालक-वाहकांचा काही दोष नाही. पण भारमान काढताना पासवाली मुलं धरली, की नुसती तिकीट मशिनमधली रोकड? माहिती अधिकारात विचारा. विभागीय कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे, १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून, एकच विषय, १५० शब्दांच्या आत. फेरीचं महिनावार भारमान, ते काढायची पद्धत आणि बंदचा लेखी आदेश मागा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा.

तोवर थांब्यावर एक वही ठेवा. रोज सकाळी किती जण उभे होते, कुठे निघाले होते, जीपला किती पैसे गेले, सगळं लिहा. कॉलेजकडून गाववार विद्यार्थ्यांची यादी घ्या. निवेदनावरच्या शेकडो सह्यांपेक्षा अशी वही अधिकाऱ्याला उत्तर द्यायला भाग पाडते, हे मी पाहिलंय.

मग ग्रामसभेचा ठराव. त्यात नुसतं 'बस सुरू करा' नको. शेजारची दोन गावं जोडून सकाळी एक आणि कॉलेज सुटल्यावर एक फेरी, तीन महिने चालवून बघा, असं मांडा. मुक्कामी गाडी हवी असेल तर चालक-वाहकांना झोपायला खोली, पाणी, संडास ग्रामपंचायत देईल, हेही लिहा. गाडीतल्या बाकड्यावर रात्र काढून सकाळी घाट उतरवायचा, हे त्या माणसांना किती जड जातं! तालुका मानव विकास कार्यक्रमात, म्हणजे मागास तालुक्यांसाठीच्या सरकारी कार्यक्रमात असेल, तर मुलींसाठीच्या निळ्या बसची मागणी जिल्हाधिकाऱ्यांकडे वेगळी करा.

ठराव विभाग नियंत्रकांना पोहोच घेऊन द्या. लेखी नकार आला किंवा काही महिने उत्तरच आलं नाही, तरच उच्च न्यायालयाच्या संभाजीनगर खंडपीठाचा विचार करू. मागणी केली आणि ती नाकारली, हे आधी दाखवावं लागतं. कोर्ट बहुधा 'मुदतीत निर्णय घ्या' एवढंच सांगेल, पण वही आणि भारमानाचे आकडे हाताशी असले तर तेवढंही पुष्कळ आहे.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. शिकणाऱ्या मुलींच्या आयांना घेऊन हा विषय पहिल्यांदा तिथेच मांडा, आणि इतिवृत्तात नोंद झाल्याशिवाय उठू नका.