बाळंतिणीच्या खोलीत रात्रभर शेगडी ठेवावी का, आणि कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर घ्यावा का?

आपण विचारले आहे की, अर्जुनी मोरगाव तालुक्यातील आपल्या घरी वहिनी नुकत्याच बाळंत झाल्या आहेत, घर नवे स्लॅबचे आहे, आणि थंडी वाढल्यामुळे आजी रात्री खाटेजवळ निखाऱ्यांची शेगडी ठेवायला सांगतात. निखारे पूर्ण फुलले आणि धूर बसला की धोका उरत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे. माझे उत्तर असे की, दार लावून झोपायच्या खोलीत पेटती शेगडी एक रात्रही ठेवू नये. माझी नोकरी चंद्रपूर भागातील भूमिगत कोळसा खाणीत ओव्हरमन, म्हणजे कामावर देखरेख करणारा अधिकारी, म्हणून झाली. तेथे कार्बन मोनॉक्साइड, म्हणजे निखाऱ्यांतूनही निघणारा विषारी वायू, मोजणे हा कामाचाच भाग होता, कारण कोळसा आतल्या आत तापू लागला की धूर दिसण्याच्या बऱ्याच आधी हवेतील कार्बन मोनॉक्साइड वाढतो.

शेगडीतही नेमके हेच घडते. भरपूर हवा मिळाली तर कोळसा जळून कार्बन डायऑक्साइड तयार होतो, परंतु तोच वायू वरच्या लालबुंद निखाऱ्यांच्या थरातून जाताना त्याचा पुन्हा कार्बन मोनॉक्साइड होतो. अंधारात फुललेल्या शेगडीकडे निरखून पाहिल्यास निखाऱ्यांवर लहान निळ्या ज्योती नाचताना दिसतात. त्या ज्योती म्हणजे वर येऊन जळणारा कार्बन मोनॉक्साइडच होय. त्या विझल्या आणि निखारे मात्र लालच राहिले, तर तो वायू न जळता खोलीत मिसळू लागतो. निखारे सकाळपर्यंत टिकावेत म्हणून आपल्याकडे त्यांवर राख ओढतात, आणि नेमकी हीच वेळ अधिक वाईट असते, कारण हवा कमी पडते, धग मंद पण दीर्घकाळ राहते, आणि धूर नसल्यामुळे कोणालाही शंका येत नाही. धुराने निदान खोकला येतो, डोळे चुरचुरतात. या वायूला मात्र रंग नाही, वास नाही, आणि तो घशालाही लागत नाही. खाणकामगारांच्या स्वतःच्या शरीराला तो ओळखता येत नव्हता, म्हणूनच ब्रिटनच्या खाणींमध्ये १९८६ च्या सुमारापर्यंत कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून खाली नेत असत.

तरीही आजींचा अनुभव खोटा आहे असे मी म्हणणार नाही. त्यांनी ज्या घरात बाळंतपणे पाहिली ते घर बहुधा कवेलूंचे, म्हणजे मातीच्या कौलांचे, असणार. कवेलूंच्या फटींतून गरम हवा वर निघून जात असे, दाराखालून थंड हवा आत येत असे, आणि त्याच हवेबरोबर शेगडीचा वायूही बाहेर पडत असे. स्लॅबच्या घराला वर फट नाही, खिडकीला काच आहे, आणि थंडी व डास यांच्या भीतीने उरलेल्या फटींतही आपण चिंध्या कोंबतो. थोडा हिशेब करून पाहावा. १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंचीची खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. लाकडाचा कोळसा १ किलो जळताना साधारणतः १५० ग्रॅम किंवा त्याहून अधिक कार्बन मोनॉक्साइड बाहेर पडतो. म्हणजे अवघा १०० ग्रॅम कोळसा पूर्ण बंद खोलीत जळला, तरी दर घनमीटरमागे ४०० मिलिग्रॅमच्या वर प्रमाण जाते. जागतिक आरोग्य संघटनेने घरातील हवेसाठी तासाभराची मर्यादा ३५ मिलिग्रॅम सांगितलेली आहे. प्रत्यक्षात थोडी हवा खेळते, त्यामुळे आकडा कमी भरेल. परंतु शेगडीत कोळसाही १०० ग्रॅमपेक्षा बराच जास्त असतो. खिडकी बोटभर उघडी ठेवू, हा तोडगाही भरवशाचा नाही, कारण पहाटे कोणीतरी ती लावतेच.

हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. लहान बाळाचा श्वास जलद असल्याने त्याच्या रक्तात तो लवकर भरतो. गर्भवतीच्या बाबतीत पोटातील बाळाला आईपेक्षा जास्त झळ बसते. जमिनीवर झोपल्यानेही बचाव होत नाही, कारण तो हवेइतकाच हलका असल्यामुळे सगळ्या खोलीत सारखा पसरतो.

शेक बंद करावा असे मात्र नाही. तो दुपारी, पडवीत किंवा दारे-खिडक्या सताड उघड्या ठेवून द्यावा. ओवा आणि शेपांची धुरी द्यायचीच असेल तर तीही तेव्हाच, आणि बाळाला त्यापासून दूर ठेवून. संध्याकाळी निखाऱ्यांसह शेगडी अंगणात न्यावी आणि मगच दार लावावे. रात्री बाळाच्या उबेसाठी टोपी, मोजे, कपड्यांचे दोन-तीन थर आणि आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून धरणे हा उपाय, ज्याला रुग्णालयात कांगारू मदर केअर म्हणतात, शेगडीपेक्षा सरस आहे. गरम पाण्याच्या पिशवीने अंथरूण आधी तापवावे, पण बाळाला ठेवण्यापूर्वी ती काढून घ्यावी, नाहीतर भाजण्याची भीती असते.

घरात आणि शेतात याच जातीच्या आणखी काही जागा आहेत. न्हाणीघरातील गॅस गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेतील भिंतीवर बसवून घ्यावा. जनरेटर ओसरीत न ठेवता खिडक्या-दारांपासून निदान २० फूट दूर ठेवावा. कोंबडीच्या पिलांच्या शेडमध्ये शेगडी असेल तर राखणदाराने तेथे झोपू नये. जागलीसाठी चारही बाजूंनी ताडपत्री लावलेल्या खोपडीतही विस्तव नेऊ नये. सर्वांत घातक म्हणजे विहिरीत उतरवून चालवलेले डिझेल इंजिन. इंजिन बंद झाले म्हणून पाहायला एक जण उतरतो, तो कोसळला म्हणून दुसरा उतरतो, आणि एकाच घरातील दोघे जातात. इंजिन वरच ठेवावे, आणि खाली कोणी पडलेच तर श्वसनयंत्राशिवाय कोणीही उतरू नये. ११२ वर फोन करून अग्निशमन दलाला बोलवावे.

डिटेक्टर अवश्य घ्यावा, परंतु स्वयंपाकाच्या गॅसची गळती सांगणारे यंत्र किंवा धुराचा अलार्म या कामाचे नाहीत. खोक्यावर कार्बन मोनॉक्साइड आणि ईएन ५०२९१ हे युरोपीय मानक लिहिलेले पाहावे. तो झोपायच्या खोलीत, निजलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, चुलीपासून दूर लावावा. त्याच्या आतील सेन्सरचे आयुष्य ठरलेले असते, म्हणून मागे छापलेली मुदत संपली की यंत्र बदलावे. चाचणीचे बटण दाबल्यावर भोंगा वाजला म्हणजे सेन्सर ठीक आहे असे नसते.

घरातील दोघा-तिघांचे एकाच वेळी डोके दुखू लागले, गरगरले, मळमळले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर पित्त किंवा बाहेरची बाधा समजून बसू नये. दार उघडावे, सर्वांना बाहेर काढावे आणि १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. बंद खोलीत शेगडी होती हे डॉक्टरांना आपणहून सांगावे, कारण बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटर या वायूलाच प्राणवायू समजतो आणि ९८ असा निर्धास्त करणारा आकडा दाखवतो. साध्या हवेत रक्तातील हा वायू निम्मा व्हायला ४ ते ५ तास लागतात, तर मास्कने शुद्ध प्राणवायू दिल्यास सुमारे एक ते दीड तास पुरतो. म्हणून बरे वाटले तरी रुग्णालयात जावेच. घरी परतल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनीही विसरभोळेपणा, चिडचिड किंवा चालताना तोल जाणे दिसले, तर ते त्याच रात्रीचे उशिरा आलेले दुष्परिणाम असू शकतात. तेव्हा जुने कागद घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.